सोळा पानांचा सिनेमा



दसऱ्यानंतरची गोष्ट. सहावीच्या वर्गाला मी निबंध घातला होता, 'मी केलेला प्रवास'. रात्री जेवणं झाल्यावर वह्या तपासायला घेतल्या आणि पाहते तर काय, निम्मा वर्ग काश्मीरला जाऊन आलेला! बर्फ काय, दल सरोवर काय, शिकाऱ्यातली सैर काय! आता आमचं गाव गंगाखेडजवळ, गोदावरीच्या काठी. इथून एस.टी.नं परभणीला जायचं म्हटलं तरी घरात आदल्या दिवसापासून तयारी चालते. मग हे काश्मीर आलं कुठून? अर्धं निबंधाच्या पुस्तकातून आणि अर्धं सिनेमातल्या गाण्यांतून. मला हसू आलं.

एका वहीत मात्र नुसतं शीर्षक होतं. खाली पान कोरं. मी लाल पेनानं 'अपूर्ण' असा शेरा मारून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारलं, "काहून गं, काहीच लिहिलं नाहीस?"

ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, मी कुठं गेलेच नाही. निस्ती ऊस तोडायला जाते आईबापासंगं. तो काय प्रवास असतो का?"

मुलांनो, खरं सांगू? मला पटकन उत्तर सुचलं नाही. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, "सांग बरं, कशी जातेस?"

मग ती सांगू लागली. दिवाळीच्या आसपास मुकादमाचा ट्रक येतो. त्यात अंथरुणं, भांडी, ज्वारीचं पोतं, कोंबड्या, शेळी आणि सगळ्यांच्या वर माणसं. ट्रक रात्रभर चालतो. बालाघाटाचा डोंगर चढताना थंडी वाजते, मग आई तिला गोधडीत घेते. सोलापूर मागं पडलं, की भीमा लागते. पुलावर ट्रक आला की म्हातारी माणसं नदीत नाणं टाकतात. शेवटी सांगलीकडं, कृष्णेच्या खोऱ्यात. तिथं पाचटाची कोपी बांधायची. पहाटे आईबाप फडात गेले, की धाकट्या भावाला हिनंच सांभाळायचं. उन्हाळा लागला, की परत.

ऐका! गोदावरीपासून कृष्णेपर्यंत जाऊन आलेली वर्गातली एकुलती एक मुलगी, आणि तिच्या वहीवर मी शेरा मारला 'अपूर्ण'! अपूर्ण कोण होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवला आणि वर्गाला एक गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते.

आपली गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला. तिथंच १८७० साली एका मुलाचा जन्म झाला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि ठरवलं, की आपणही आपल्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या. कर्ज काढून ते १९१२ साली बोटीनं लंडनला गेले आणि त्यांनी कॅमेरा विकत घेतला. आता एवढा लांबचा प्रवास केलेला माणूस कशाचं चित्रण करील? राजवाड्याचं? समुद्राचं?

छे! त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. त्याला कोंब कसा फुटतो, पानं कशी येतात, वेल कसा वर चढतो, याची त्यांनी दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रं घेतली. मग ती पडद्यावर भराभर दाखवली आणि वाटाणा बघता बघता वाढला! ते पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि त्यानं पैसे दिले. त्या पैशांतून दादासाहेबांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांना दाखवला गेला. घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि वर फिल्मच्या कामातही हात लावायच्या.

म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या सिनेमाची सुरुवात झाली दारातल्या कुंडीपासून. आणि आमच्या गंगाखेडच्या संत जनाबाईंचं काय? दळण, कांडण, झाडलोट या रोजच्या कामांतूनच त्यांचे अभंग आले ना? जे रोज समोर असतं, ते नीट पाहायला कुणीतरी बसावं लागतं, एवढंच.

आता बाजूला ठेवलेलं गणित. सिनेमातली चित्रं खरं तर हलत नाहीत. एक स्थिर चित्र जातं, लगेच दुसरं येतं, आणि आपल्या डोळ्यांना वाटतं की ते हललं. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं असत, बोलपट आल्यावर २४ झाली. मग रोज एकच चित्र काढलं, तर एका सेकंदाच्या मूकपटाला किती दिवस लागतील? बरोब्बर, सोळा!

तेव्हा आम्ही सोळा पानांचा सिनेमा करायचं ठरवलं. जुन्या वहीच्या सोळा पानांच्या कोपऱ्यात रोज एक चित्र काढायचं. आधीच्या चित्रापेक्षा थोडासाच फरक हवा. सोळा झाली, की अंगठ्यानं पानं भर्रकन सोडायची.

कुणाची चिमणी उडाली, कुणाचा चेंडू टप्पे खात गेला, कुणाचा हरभरा उगवला. त्या मुलीनं वही पुढं केली. मी पानं सोडली. मोकळं रान. मग दोन बांबू उभे राहिले, आडवी काठी आली, पाचट चढलं, दार झालं, शेवटी चूल पेटली आणि धूर वर गेला. कोपी उभी राहिली!

मी म्हटलं, "छान जमलंय गं!"

ती म्हणाली, "बाई, आता उलट्या बाजूनं सोडा."

सोडली. धूर खाली आला, चूल विझली, पाचट उतरलं, बांबू गेले. पुन्हा मोकळं रान.

"तवा आमी गावाकडं येतो," ती म्हणाली.

वर्ग एकदम गप्प झाला. काश्मीरवाल्यांनी सुद्धा ती वही हातोहात फिरवून पाहिली. त्या जुन्या निबंधावरचा माझा शेरा मी खोडला. खाली आता तिच्या अक्षरात चार पानं आहेत.

यंदा ती आजीजवळ राहून शाळा शिकणार, की टोळीबरोबर जाणार, ते अजून ठरलेलं नाही. तिच्या आईशी मी दोनदा बोलले आहे. तिसऱ्यांदा उद्या जाणार आहे.

तोवर तुम्ही एक करा. जुनी वही घ्या, सोळा पानं मोजा आणि तुमच्या दारातलं, तुमच्या वाटेवरचं काहीही काढा. काश्मीर सोडून, बरं का!

तुमची,
बाई