फिरत्या पोलादाची किंमत कोण मोजणार?

देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा जीवाश्मेतर स्रोतांचा झाल्याची घोषणा केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये केली. २०३० साठी ठरविलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले, याचे समाधान रास्तच आहे. मात्र स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. तो येत्या काळात कमी होत जाईल आणि तो कमी व्हायलाच हवा. पण कोळशाबरोबर आणखी एक गोष्ट ग्रीडमधून हळूहळू निघून जाणार आहे. तिची नोंद वीजबिलात नसते आणि राजकीय चर्चेत तर तिचे नावही निघत नाही. ती गोष्ट म्हणजे औष्णिक केंद्रांत अहोरात्र फिरणारी अजस्र समकालिक जनित्रे, अर्थात सिंक्रोनस जनरेटर.

या यंत्राचे मोल कळण्यासाठी त्याची घडण थोडी समजून घ्यावी लागेल. ५०० मेगावॉटच्या जनित्राचा फिरता भाग, म्हणजे रोटर, साठ-सत्तर टनांच्या घरात असतो. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादाच्या एकाच अखंड गोळ्यातून तो घडवला जातो. त्याच्या अंगावर लांबच लांब खाचा कोरून त्यांत तांब्याचे वाहक बसवतात आणि पाचरी ठोकून ते जखडतात. हा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. सव्वा मीटरहूनही कमी व्यासाच्या या दंडगोलाच्या पृष्ठभागाचा वेग त्यामुळे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगात टोकांकडील तांबे बाहेर फेकले जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना चुंबकत्व न धरणाऱ्या पोलादाची जाड कडी तापवून चढवतात. थंड झाल्यावर ती आवळून बसते. या कड्यांच्या जुन्या मिश्रधातूला ओलाव्याने सूक्ष्म तडे जात असत. त्यामुळे पुढे १८ टक्के मँगनीज आणि १८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वापरात आले.

रोटरभोवती स्थिर असतो तो स्टेटर. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अधिक जाड नसलेल्या सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पत्र्यांची चळत रचून त्याचा गाभा तयार होतो. त्यातील तांब्याच्या पट्ट्यांना अभ्रकाचे वेष्टन असते. मोठ्या जनित्रांत या पट्ट्यांच्या आतून शुद्ध पाणी खेळवतात आणि रोटर हायड्रोजन वायूत फिरवतात. हायड्रोजन हवेच्या तुलनेत चौदा पटींनी हलका असल्याने घर्षण कमी होते आणि उष्णता झपाट्याने वाहून नेली जाते. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी रोटरला नेहमीपेक्षा वीस टक्के अधिक वेगाने फिरवून त्याची परीक्षा घेतात. गोव्याच्या सीमेलगतच्या कैगा अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या संचाने २०१६ ते २०१८ या काळात सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रम केला, तेव्हा त्याच्या रोटरने न थांबता चारशे कोटींहून अधिक फेरे पूर्ण केले होते. अशी यंत्रे तीस-चाळीस वर्षे सेवा देतात ती या घडणीच्या बळावर.

वीज निर्माण करणे हे या यंत्राचे उघड दिसणारे काम. त्याची आणखी दोन कामे सहसा दिसत नाहीत.

पहिले काम जडत्वाचे. ग्रीडला जोडलेली सर्व समकालिक जनित्रे एकाच लयीत फिरतात. आपल्याकडे ती लय सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि नियमानुसार ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राहावी लागते. एखादे केंद्र अचानक बंद पडले की उरलेल्या जनित्रांवर भार पडून त्यांचा वेग उतरू लागतो. पण शेकडो टनांचे फिरते पोलाद क्षणात मंदावत नाही. ५०० मेगावॉटच्या संचातील फिरत्या भागांत पूर्ण क्षमतेच्या तीन-चार सेकंदांच्या विजेइतकी ऊर्जा साठलेली असते. ती कोणाच्याही आदेशाविना ग्रीडमध्ये उतरते आणि पडझड लांबवते. तेवढ्या अवधीत अन्य केंद्रांच्या झडपा उघडतात, राखीव क्षमता जागी होते.

दुसरे काम विद्युतदाबाचे. रोटरच्या तांब्यातील प्रवाह कमी-जास्त केला की जनित्र भोवतालच्या वाहिन्यांतील दाब उचलून धरते किंवा वाढलेला दाब शोषून घेते. दाब सांभाळणाऱ्या या देवघेवीला अभियंते रिअॅक्टिव्ह पॉवर म्हणतात. तिचा प्रभाव दूरवर पोहोचत नाही, त्यामुळे ज्या भागात दाब बिघडतो तिथेच, जवळपास, तो सावरणारे यंत्र असावे लागते.

सौर पॅनेलमध्ये फिरते काही नसते. तिथली वीज इन्व्हर्टरमार्फत ग्रीडमध्ये येते आणि आज बसवलेले बहुतेक इन्व्हर्टर ग्रीडची लय ऐकून तिच्या मागोमाग चालतात. भजनात टाळकरी पखवाजाच्या ठेक्यावर चालतात, तसेच हे. टाळकरी वाढले तर भजन रंगते, पण ठेका धरणारा पखवाजच उठून गेला तर टाळ कशावर धरायचा? सौर ऊर्जेला विरोध करण्यासाठी हा प्रश्न पुढे करणे चुकीचे ठरेल, आणि तिच्या उत्साहात तो विसरणे त्याहून महागात पडेल.

जगाने याचे धडे घेतले आहेत. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने दक्षिण ऑस्ट्रेलियातील पारेषण मनोरे कोसळले. पाठोपाठ आलेल्या धक्क्यांत पवन केंद्रांची वीज घटली, शेजारच्या राज्याशी जोडणारी वाहिनी तुटली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये वीज कोसळल्यानंतर समुद्रातील एक पवन केंद्र आणि एक वायू केंद्र जवळपास एकाच वेळी बाहेर पडले. वारंवारिता ४८.८ पर्यंत घसरली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा तोडावा लागला.

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जे घडले ते अधिक बोलके आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास अवघ्या पाच सेकंदांत स्पेनमधील सुमारे १५ हजार मेगावॉट निर्मिती नाहीशी झाली आणि दोन्ही देशांचा मुख्य भूभाग ठप्प झाला. त्या वेळी सौर विजेचा वाटा मोठा असल्याने जडत्वाच्या अभावामुळे हे घडले, असा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला. चौकशीत चित्र वेगळे निघाले. मूळ दुखणे वाढत गेलेल्या विद्युतदाबाचे होते. त्या दिवशी दाब सांभाळण्यासाठी नेमलेल्या समकालिक केंद्रांची संख्या कमी होती. त्यातले एक आदल्या दिवशीच अनुपलब्ध झाले आणि त्याच्या जागी दुसरे नेमले गेले नाही. जी केंद्रे चालू होती त्यांतील काहींनी अपेक्षेइतका दाब शोषला नाही. सौर केंद्रांना तर दाब सक्रियपणे सांभाळण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हतीच. दाब वाढला म्हणून केंद्रे बाहेर पडली आणि ती बाहेर पडल्याने दाब आणखी वाढला. स्पेनमध्ये सूर्यप्रकाश दोषी नव्हता. स्थैर्याचे काम कोणाचे, हे ठरवून देणारी आणि ते झाले की नाही हे पाहणारी व्यवस्था तोकडी पडली होती. दुर्घटनेनंतर तिथल्या नियामकाने ते नियम बदलले.

भारताची ग्रीड आकाराने विशाल आहे आणि हेच तिचे मोठे बळ आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रीड उर्वरित देशाशी जोडली गेली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे एका लयीत फिरू लागली. या बळाची कसोटी ५ एप्रिल २०२० च्या रात्री लागली. टाळेबंदीच्या काळात नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या आवाहनाला देशाने प्रतिसाद दिला आणि विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती वेगाने उतरवली व पुन्हा चढवली. वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली आणि ग्रीड तरली. त्या रात्री ग्रीडवर औष्णिक आणि जलविद्युत जनित्रांचे प्राबल्य होते. सूर्य मावळलेला असल्याने सौर विजेचा प्रश्न नव्हता. उद्या असा धक्का भर दुपारी, सौर निर्मिती शिखरावर असताना बसला तर कसोटी निराळी असेल. राजस्थानातील सौर संकुलांत दाबाच्या हेलकाव्यामुळे एकाच झटक्यात हजार मेगावॉटहून अधिक निर्मिती बाहेर पडण्याचे प्रकार २०२२ पासून अनेकदा घडले आहेत. तो इशारा समजायला हवा.

दुपारच्या सौर विजेला वाट करून देण्यासाठी कोळशाच्या संचांनी आपली निर्मिती क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत उतरवावी, असा टप्प्याटप्प्याने अमलात येणारा दंडक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये घातला. ग्रीडच्या दृष्टीने हे उपयुक्त आहे, कारण निर्मिती घटली तरी रोटर पूर्ण वेगानेच फिरत राहतो. पण ही यंत्रे स्थिर भारासाठी घडवलेली आहेत. भार रोज चढला-उतरला की तांबे आणि पोलाद वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात. वाहक खाचेत सरकतात, वेष्टन घासते, टोकांची बांधणी सैल होते. ज्या यंत्राने चाळीस वर्षे टिकायचे ते लवकर म्हातारे होते. हा झिजेचा खर्च कोणी तरी सोसतोच, आणि तो कोणाच्या नावे टाकायचा हा वाद यापुढे वाढत जाणार आहे.

उपाय अज्ञात नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर कार्यान्वित केले. हे म्हणजे टर्बाइन नसलेले समकालिक जनित्रच. ग्रीडमधून थोडी वीज घेऊन ते मोकळे फिरत राहते, सोबत जड चक्र जोडून त्याचे जडत्व वाढवतात आणि दाबही ते सांभाळते. त्यामुळे केवळ स्थैर्यासाठी वायू केंद्रे चालू ठेवण्याची गरज तिथे कमी झाली. आयर्लंडमध्ये मनीपॉइंटच्या कोळसा केंद्राच्या आवारातच असे यंत्र बसले, त्याचे चक्र १३० टनांचे आहे. ब्रिटनने तर जडत्व ही स्वतंत्र सेवा मानून तिच्यासाठी करार करायला सुरुवात केली. स्वतःच ठेका धरू शकणारे नव्या पिढीचे इन्व्हर्टर आणि बॅटऱ्याही येत आहेत. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या औष्णिक संचांची जनित्रे, जिथे शक्य असेल तिथे, टर्बाइनपासून सोडवून कंडेन्सर म्हणून वापरता येतील. उदंचन जलविद्युत प्रकल्पांतील यंत्रे तर साठवण आणि जडत्व दोन्ही देतात.

मात्र अशा मोठ्या यंत्रांची मागणी आज नोंदवली आणि उद्या ती हजर झाली, असे होत नाही. मोठ्या रोटरसाठी लागणारे अखंड पोलाद घडवू शकणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. देशात भेल या सार्वजनिक कंपनीने हरिद्वार, भोपाळ आणि हैदराबाद येथे जनित्रनिर्मितीचे कौशल्य अनेक दशकांत जोपासले. कोळशाचे नवे प्रकल्प थांबत जातील तशी या कौशल्याला मागणी उरली नाही, तर ते विरून जाईल. गरज भासेल तेव्हा ते पुन्हा उभे करणे अवघड असेल.

गोव्याचा यात संबंध काय, असा प्रश्न पडणे शक्य आहे. राज्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. वीज बाहेरून, महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांनी येते. म्हणजे गोव्याच्या दिव्यांची लय पूर्णतः दूरवर फिरणाऱ्या जनित्रांच्या हाती आहे. गोवा-तम्नार वाहिनीवरून राज्यात मोठा संघर्ष झाला. मोलेच्या जंगलाचा तो प्रश्न होता आणि तो महत्त्वाचाच होता. पण वाहिनीच्या पलीकडच्या टोकाला फिरणारे यंत्र उद्या राहील का, त्याच्या जागी काय येईल, याची चर्चा दोन्ही बाजूंनी फारशी झाली नाही. २०५० पर्यंत शंभर टक्के नवीकरणीय ऊर्जेचे उद्दिष्ट राज्याने जाहीर केले आहे. छपरांवरील सौर पॅनेलची संख्या वाढत आहे. अशा वेळी विद्युतदाब सांभाळण्याची सोय राज्याच्या हद्दीतच हवी, कारण ती दुरून आयात करता येत नाही. वेर्ण्यातील औषधनिर्मिती कारखान्याला क्षणभराचा दाबाचा हेलकावाही परवडत नाही.

केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत राखीव क्षमतेसाठी मोबदल्याची तरतूद आहे, परंतु जडत्वाला स्वतंत्र मोबदला नाही. आजवर तो द्यावा लागला नाही, कारण कोळशाच्या विजेसोबत ते फुकट मिळत होते. ज्याला किंमत नाही त्याची गुंतवणूक कोणी करत नाही आणि ते संपले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. सौर वीज स्वस्त आहे हे खरे, पण तिच्या दरात स्थैर्याचा खर्च धरलेला नाही. तो उघडपणे धरला, तरी आयात कोळशावर आणि प्रदूषणावर होणाऱ्या खर्चापुढे तो असह्य ठरेल असे मानण्याचे कारण नाही. त्यासाठी तो वीजदराच्या हिशेबात स्वतंत्रपणे दिसला पाहिजे.

संयुक्त वीज नियामक आयोगासमोर गोव्याच्या वीजदरांची सुनावणी होते, तेव्हा चर्चा प्रति युनिट किती पैसे वाढले याभोवतीच फिरते. सौर वीजखरेदीच्या प्रत्येक नव्या करारासोबत दाब आणि जडत्वाची व्यवस्था कोणती, तिचा भार कोणावर, हा प्रश्न वीज खात्याला त्याच सुनावणीत विचारला गेला पाहिजे. स्पेनला त्याचे उत्तर अंधारात बसून शोधावे लागले. गोव्याकडे आणि देशाकडे ते उजेडात शोधण्यासाठी अजून काही वर्षे आहेत.