सोडला म्हणजे वाचला का?

कोकणात जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क मच्छीमारांनी सोडला की आपण टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. पण सोडला म्हणजे वाचलाच, असं नाही. पोहत राहिला की त्याच्या कल्ल्यांतून पाणी खेळतं. जाळ्यात जखडला की जीव गुदमरतो. शेपटीला दोर बांधून ओढला तर आणखी इजा. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. आणि महागडं जाळं लगेच कापायचं, तर भरपाईची खात्री नको? राज्य सरकारने २०१८ साली २५ हजारांपर्यंत भरपाईची योजना आणली, चांगलंच केलं. आता पैसे वेळेत द्या, रक्कम जाळ्याच्या आजच्या किमतीशी जोडा, आणि सोडलेल्या काही माशांना टॅग लावून ते पुढे जगतात का, तेही बघा. नुसते सोडल्याचे आकडे मोजून काय उपयोग?