भ्यालेल्यांची साक्ष

एका चर्चासत्रात आमच्या एका विद्यार्थिनीने इंग्रज फुटबॉलप्रेमींच्या आठवणींवर निबंध वाचला. आपला संघ परगावी खेळायला जातो, त्याच्या पाठोपाठ प्रेक्षकही जातात, आणि तिथे जे भय वाट्याला येते ते ही माणसे पुढे तीस-चाळीस वर्षे सांगत राहतात, असा विषय. वाचन संपल्यावर अध्यक्षमहाशय म्हणाले, "हुल्लडबाजांच्या बढायांना वाङ्मय म्हणायचे, तर आमच्या गल्लीतल्या मारामाऱ्यांनी काय घोडे मारले आहे?" सभागृह हसले. खरे सांगायचे तर आम्हीही थोडे हसलो. त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

बढायांचे वाङ्मय आहे, हे आम्हाला मान्यच आहे. १९९०नंतर इंग्लंडात माजी हुल्लडबाजांच्या आत्मकथनांचे पीकच आले. कोणत्या स्टेशनावर कोणाला कसे बडवले, याच्या जंत्या त्यांत असतात. दोन-तीन वाचली की उरलेली वाचायची गरज राहत नाही. पण अध्यक्षांनी हे पीक आणि विद्यार्थिनीचा विषय एकाच टोपलीत टाकले. मारणाऱ्याची आठवण आणि पळणाऱ्याची आठवण हे दोन निराळे वाङ्मयप्रकार आहेत. त्यांचे व्याकरणदेखील निराळे आहे. मारणारा 'आम्ही' म्हणतो, त्याची क्रियापदे सकर्मक असतात, आणि प्रसंगाचा कर्ता सदैव तोच असतो. भ्यालेल्याचा 'आम्ही' मात्र रेल्वेतून उतरता उतरता विरघळतो आणि मैदानाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर नुसता 'मी' उरतो. तोही कर्ता नव्हे. मराठीत आपण 'मला भीती वाटली' असे म्हणतो, तेव्हा भाषाच 'मी'ला कर्तेपणावरून खाली उतरवते. इंग्रजीत ही सोय नाही, म्हणून तिथला कथनकार ते काम तपशिलांकडून करून घेतो.

हे तपशील पाहावेत. येताना गाणी म्हणणारा डबा स्टेशन जवळ येताच गप्प होतो. गळ्यातला संघाच्या रंगाचा स्कार्फ काढून जाकिटाच्या आत कोंबला जातो. स्टेशनापासून मैदानापर्यंत घोडेस्वार पोलिसांच्या कड्यातून चालायचे. सामना संपल्यावर यजमानांचे प्रेक्षक पांगेपर्यंत कुलूपबंद कठड्याआड थांबायचे. आणि शेवटी बसच्या काचेवर दगड येणार हे ठाऊक असल्याने खिडकीपासून दूर सरून बसायचे. या सगळ्यांत आम्हाला सर्वांत भेदक वाटतो तो एक साधा प्रश्न. अनोळखी तरुण जवळ येतो आणि विचारतो, "किती वाजले?" त्याला वेळ नको असते, उच्चार हवा असतो. लिव्हरपूलचा, लंडनचा की यॉर्कशरचा, हे दोन शब्दांत कळते, आणि कळले की पुढचे घडते. म्हणून जाणते लोक उत्तरादाखल फक्त मनगट पुढे करीत. बोलीभाषांवर व्याख्याने देत आमची वीस वर्षे गेली. बोली ही जिवावर बेतणारी खूण असू शकते, हे इतक्या थोडक्यात आम्हाला कधी सांगता आले नाही.

स्कार्फ लपवता येतो, उच्चार गिळता येतो. कातडी लपवता येत नाही. ज्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंवर केळी फेकली जात, त्या काळात परगावच्या सामन्याला जाणाऱ्या कृष्णवर्णीय वा आशियाई प्रेक्षकाचे भय स्टेशनावर सुरू होत नसे, ते घरापासूनच बरोबर असे. अशा आठवणी थोड्या आहेत, आणि स्त्रियांच्या त्याहून थोड्या. आमच्या विद्यार्थिनीने ही उणीव नोंदवली होती. अध्यक्षांनी नोंदवली नाही.

आता एका शब्दाविषयी. बिल ब्युफर्ड या अमेरिकी संपादकाने १९८०च्या दशकात इंग्रज हुल्लडबाजांबरोबर हिंडून जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'अमंग द थग्ज'. पुस्तक प्रामाणिक आहे. गर्दीच्या हिंसेत आपल्यालाही सुख वाटले, अशी कबुली लेखक देतो. पण शीर्षकातला 'थग' हा आपल्याकडून गेलेला 'ठग' आहे, आणि तो एकटा गेला नाही. कंपनी सरकारने १८३६ साली कायदा केला, त्यात ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला. अमुक माणसाने अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. दीडशे वर्षांनंतर तोच न्याय फुटबॉलच्या प्रेक्षकाला लागू झाला. मार्च १९८५मध्ये ल्यूटनच्या मैदानावर मिलवॉलच्या सामन्यात दंगल झाली. पुढे ल्यूटनने काही हंगाम पाहुण्या प्रेक्षकांना मज्जावच केला. त्याच वर्षी २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर ३९ माणसे मेली, बहुतेक इटालियन. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा तिथला दोष कोणी नाकारू नये. आम्हीही नाकारत नाही. परंतु त्यानंतर परगावी जाणारा प्रत्येक प्रेक्षक हा आधी संशयित आणि मग माणूस ठरला. त्याच्याभोवती उभारलेले लोखंडी कठडे त्याच्या रक्षणासाठी नव्हतेच.

ते कशासाठी होते, हे १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर दिसले. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपान्त्य सामना होता. कठड्यांत चेंगरून अखेरीस ९७ जण दगावले. त्यांतील शेवटचा मृत्यू २०२१ सालचा. पाठीमागची माणसे आत येत आहेत आणि पुढची मरत आहेत, तरी कठड्यावर चढणाऱ्यांना प्रथम दंगलखोर समजले गेले. चौथ्या दिवशी 'द सन'ने 'सत्य' या अर्थाच्या मथळ्याखाली प्रेक्षकांवर मृतांचे खिसे कापल्याचे खोटे आरोप छापले. मृत्यू बेकायदेशीर होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे न्यायचौकशीच्या ज्यूरीने सांगितले ते २०१६मध्ये.

साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावे असे आणखी एक प्रकरण या घटनेत आहे. त्या दिवशी मैदानावर असलेल्या पोलिसांना नेहमीच्या खिशातल्या वहीऐवजी साध्या कागदावर आपापल्या आठवणी लिहायला सांगितले होते. कनिष्ठ पोलिसांनी मन मोकळे केले. गोंधळ, हतबलता, वरिष्ठांचा पत्ता नसणे, सारे लिहिले. मग त्या कागदांवर संपादन झाले. २०१२च्या स्वतंत्र मंडळाच्या अहवालानुसार १६४ जबान्यांत लक्षणीय फेरफार झाले होते, आणि त्यांतील ११६ जबान्यांतून पोलिसी व्यवस्थेवरची प्रतिकूल टीका काढली वा बदलली होती. २०२१मध्ये यावरचा खटला कोसळला, कारण त्या जबान्या ज्या चौकशीसाठी होत्या ती कायद्याच्या अर्थाने न्यायप्रक्रियाच नव्हती, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. म्हणजे जिथे भ्यालेल्या माणसाची आठवण कापली गेली, ती जागा न्यायाच्या हद्दीबाहेरची निघाली!

आमच्याकडे 'बलुतं' १९७८ साली आले आणि 'उपरा' १९८०मध्ये, तेव्हा हे साहित्य की समाजशास्त्रीय दस्तऐवज, असा घोळ आपल्या समीक्षेने किती काळ घातला! त्या अनुभवाची आणि शनिवारी सामन्याला जाणाऱ्या इंग्रजाच्या भयाची तुलना आम्ही करीत नाही. ती अश्लाघ्य ठरेल. आम्ही तुलना करतो ती समीक्षकाच्या हातचलाखीची. साक्ष अडचणीची झाली की तिचा वाङ्मयप्रकार बदलायचा. दस्तऐवज म्हटले की कलेचा प्रश्न मिटतो, बढाई म्हटले की खऱ्याखोट्याचाही.

हा सारा इतिहास जुना झाला, असे अध्यक्ष म्हणतील. २८ मे २०२२ रोजी पॅरिसजवळच्या सां-दनीमध्ये लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद असा युरोपीय अंतिम सामना होता. दारे बंद, माणसे चेपलेली, त्यांवर अश्रुधूर. आणि मैदानाच्या पडद्यावर मजकूर झळकला, की प्रेक्षक उशिरा आल्याने सामना लांबला आहे. फ्रेंच मंत्र्यांनी खोट्या तिकिटांकडे बोट दाखवले. त्या गर्दीत हिल्सबरोतून वाचलेली माणसेही होती. ती यावेळी आधी शांत राहिली, इतरांनाही त्यांनी शांत ठेवले, आणि घरी परतल्यावर जे घडले ते लिहून काढले. पुढच्या फेब्रुवारीत 'युएफा'नेच नेमलेल्या मंडळाने मुख्य जबाबदारी 'युएफा'वर टाकली, तेव्हा त्या लिखाणाचा आधार होता. अध्यक्षांच्या वर्गीकरणात हे लेखन कुठे बसते, ते त्यांनी सांगावे.

चर्चासत्राचे निबंध पुढे छापून आले. विद्यार्थिनीच्या निबंधातली आठवणींची दोन पाने 'व्यक्तिगत स्वरूपाची' म्हणून गाळली होती, 'किती वाजले?' त्यांतच होते. आमच्या विभागाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत ती दोन पाने आम्ही हस्तलिखितावरून उतरवून डिंकाने चिकटवली आहेत. पान ११४च्या पुढे पाहावे.