स्केट आणलेत, मग मनगटाचे गार्डही आणा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतील मुले-मुली आता इनलाइन स्केटवर दिसू लागली आहेत. आम्हाला याचा आनंद आहे. खेळ ही काही फक्त मोठ्या सोसायट्यांची मक्तेदारी नाही. पण स्केट घरात येतात आणि हेल्मेट, पॅड मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात. आमचा आक्षेप यालाच आहे.

पडताना माणूस आपसूक हात पुढे टाकतो. म्हणून स्केटिंगमध्ये सर्वाधिक मार मनगटाला बसतो. 1996 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयात आलेल्या जखमी स्केटरपैकी 46 टक्के लोकांनी कोणतेच संरक्षक साहित्य घातले नव्हते. सगळे साहित्य घातलेले फक्त 7 टक्के होते. गार्ड न घालणाऱ्यांत मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला. गार्डमधील कडक पट्टीमुळे तळहात जमिनीवर घसरतो आणि हाडावरचा जोर कमी होतो.

‘एवढा खर्च कुठून करायचा?’ हा प्रश्न खरा आहे. पण हात मोडला की आईची रोजी बुडते, मुलाचा लिहिता हात कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये अडकतो. मुलगी असेल तर तिचा खेळ बहुधा कायमचाच बंद होतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रत्येक विहाराने भीमजयंतीच्या वर्गणीतून हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपर व गुडघ्याचे पॅड यांचे लहान-मोठ्या मापांचे दोन-तीन संच घ्यावेत. वहीत नोंद करून ते मुलांना आळीपाळीने द्यावेत.

सवयीही लावाव्या लागतील. आधी ब्रेक लावायला शिकायचे, मग वेग. हेल्मेट कपाळावर, पट्टा घट्ट. कल्याण-बदलापूर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर स्केटिंग नको, रिक्षाला धरून तर मुळीच नको. ओल्या रस्त्यावरही नको.

पडल्यावर मनगट सुजले तर चोळू नका, ओढून बसवू नका. पुठ्ठ्याचा आधार बांधून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा आणि एक्स-रे काढून घ्या.

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्पमादाचा, म्हणजे सावधपणाचा होता. तो मुलांच्या खेळातही उतरावा. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय जरूर काढा.

जय भीम! नमो बुद्धाय!