परकीय पैसा आणि बातमीचा रंग

परकीय भांडवलाविषयीचे लोकमत आकडेवारीवरून घडते, असे मानले जाते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा मथळ्यांवरून घडते. १९८९ सालची अमेरिका हे त्याचे बोलके उदाहरण होय.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जपानच्या सोनी कंपनीने कोलंबिया पिक्चर्स ही चित्रपटसंस्था सुमारे ३.४ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे ठरविले. पुढच्याच महिन्यात ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर कोलंबियाच्या बोधचिन्हातील मशालधारी स्त्री किमोनो नेसून उभी राहिली आणि जपानने हॉलिवूडवर स्वारी केल्याचा मथळा झळकला. महिनाअखेरीस मित्सुबिशी इस्टेटने रॉकफेलर ग्रुपचा ५१ टक्के हिस्सा सुमारे ८४.६ कोटी डॉलरला घेतल्याचे जाहीर झाले. न्यूयॉर्कचे रॉकफेलर सेंटर परक्यांच्या हाती गेले, म्हणून वृत्तपत्रांत मोठी हळहळ व्यक्त झाली.

त्याच वर्षाच्या आरंभी ग्रँड मेट्रोपॉलिटन या ब्रिटिश कंपनीने पिल्सबरी हा अमेरिकन उद्योगसमूह पाच अब्ज डॉलरहून अधिक मोबदला देऊन ताब्यात घेतला होता. त्यासोबत बर्गर किंग ही घरोघरी ठाऊक असलेली उपाहारगृहांची साखळीही ब्रिटिशांकडे गेली. हा व्यवहार सोनीच्या व्यवहारापेक्षा मोठा होता. शिवाय अमेरिकेतील एकूण थेट गुंतवणुकीतही ब्रिटन जपानच्या बराच पुढे होता. तरीही ब्रिटिश स्वारीची मुखपृष्ठे निघाली नाहीत. पैसा दोन्हीकडचा परकाच होता. परंतु एकाचा चेहरा ओळखीचा वाटला, दुसऱ्याचा वाटला नाही. त्यातच जपानशी व्यापारातील तूट मोठी होती आणि दुसऱ्या महायुद्धाची स्मृतीही पुसली गेली नव्हती. या अस्वस्थतेला वृत्तपत्रांनी शब्द दिले आणि त्या शब्दांनी ती आणखी वाढविली.

पुढे घडले ते मथळ्यांच्या विपरीत. मालमत्तांचे भाव उतरले आणि १९९५ मध्ये रॉकफेलर सेंटरच्या मालक कंपन्यांना दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. सोनीनेही १९९४ मध्ये चित्रपट व्यवसायापोटी अब्जावधी डॉलरचा तोटा हिशेबात दाखविला. इमारती न्यूयॉर्कमध्येच राहिल्या; चढ्या भावाची झळ जपानी भागधारकांना बसली.

भारतातील वृत्तपत्रेही या दोषापासून मुक्त नाहीत. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार-लँड रोव्हर घेतली, तेव्हा त्यांचे वर्णन राष्ट्रीय विजय म्हणून झाले. परदेशी कंपनीने भारतातील उद्योग घेतला की मात्र आक्रमणाची भाषा सुरू होते. वेल्समधील पोर्ट टॅलबॉटच्या कामगाराच्या दृष्टीने टाटा हीच परकीय कंपनी आहे. २०२४ मध्ये तेथील शेवटची झोतभट्टी बंद झाली, तेव्हा दूरदेशी घेतलेल्या निर्णयाची किंमत काय असते, हे त्या गावाने अनुभवले.

यावरून परकीय भांडवलाविषयीचा प्रत्येक संशय खोटा ठरत नाही. महाराष्ट्राला दाभोळ प्रकल्पाचा अनुभव आहे. एन्रॉनविषयीच्या वादात एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा दाखला दिला जाई, तर दुसऱ्या बाजूला विकासविरोधाचा शिक्का तयार असे. खरा प्रश्न कराराच्या अटींचा होता. विजेचा दर डॉलरशी आणि इंधनाच्या किमतीशी जोडलेला होता. वीज पूर्ण उचलली नाही, तरी मंडळावर स्थिर आकाराचा बोजा पडणार होता. १९९९ मध्ये सुरू झालेली वीजनिर्मिती २००१ मध्ये थांबली. अशाच अटी एखाद्या स्वदेशी कंपनीने घातल्या असत्या, तरी त्या तितक्याच जाचक ठरल्या असत्या.

म्हणून गुंतवणुकीची बातमी वाचताना गुंतवणूकदाराचे राष्ट्रीयत्व नंतर पाहावे; काही साधे प्रश्न आधी विचारावेत. जाहीर झालेला आकडा सामंजस्य कराराचा आहे की प्रत्यक्ष आलेल्या रकमेचा? त्या पैशातून नवा कारखाना उभा राहणार आहे की चालू उद्योगाची केवळ मालकी बदलणार आहे? ही गुंतवणूक थेट उद्योगातील आहे की शेअर बाजारातील, जी काही दिवसांत परतही जाऊ शकते? नफ्याची हमी कोणी दिली आहे आणि ती पाळण्याचा भार अखेर कोणावर पडणार आहे?

या प्रश्नांची उत्तरे मथळ्यात क्वचितच असतात. पुष्कळदा ती बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात किंवा कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतात. कुटुंबाची बचत भागभांडवलात वा म्युच्युअल फंडात गुंतविणाऱ्याने तेथपर्यंत वाचण्याचे कष्ट घ्यावेत. स्वारीच्या मथळ्याने घाबरून विकणारा आणि विजयाच्या मथळ्याने हुरळून घेणारा, दोघेही दुसऱ्याच्या भावनेवर आपला पैसा लावीत असतात.