‘दुसरी सानिया’ म्हणायचं आता बास करा!

मंडळी, थोडं कडू बोलतो. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

पुण्याच्या वैष्णवी आडकरनं जुलै २०२५ मध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत टेनिस एकेरीचं ब्राँझ मिळवलं. याआधी या स्पर्धेत टेनिसमध्ये भारताला पदक मिळालं होतं १९७९ साली, नंदन बाळ यांच्यामुळं. म्हणजे ४६ वर्षांनी! नाद खुळा कामगिरी आहे, वादच नाही.

पण मराठी पोरगी टेनिसमध्ये चमकली की आमच्या धंद्यातली माणसं ‘दुसरी सानिया’चा शिक्का घेऊन तयारच. जरा सानियाचं २००५ आठवा. वय १८. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची तिसरी फेरी, तिथं हरली ती सेरेनाकडून. फेब्रुवारीत हैदराबादला डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद, भारतीय महिलेचं पहिलंच. मार्चमध्ये दुबईत तेव्हाची अमेरिकन ओपन विजेती कुझनेत्सोवा गारद. सप्टेंबरात अमेरिकन ओपनची चौथी फेरी.

विद्यापीठ स्पर्धेच्या पदकाला डब्ल्यूटीए क्रमवारीचा एक गुणही मिळत नाही. त्यामुळं दोन्ही वर्षं एका तराजूत घालणं हा वैष्णवीवर अन्याय आहे. उद्या ती एखाद्या छोट्या स्पर्धेत हरली की हीच माणसं म्हणणार, ‘हवा गेली’.

तुलना करायचीच तर पायऱ्यांची करा. सानियाला ऑस्ट्रेलियात वाइल्ड कार्ड मिळालं होतं आणि पहिलं विजेतेपद तिनं स्वतःच्या गावात, घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकलं. संधी दारात आली आणि तिनं सोनं केलं. खालच्या आयटीएफ स्पर्धांत काय असतं? ‘डब्ल्यू १५’ म्हणजे अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस १५ हजार डॉलर, तेही सगळ्या खेळाडूंत वाटून. विमान, हॉटेल, कोच हा खर्च पोरीच्या घरच्यांच्या डोक्यावर. असे आठवडेच्या आठवडे काढावे लागतात, तेव्हा कुठं क्रमवारी हलते.

हे कोल्हापूरकरांना मी सांगावं का? शाहू महाराजांनी पैलवानाला खुराक दिला तो गदा मिळायच्या आधी. १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं, तेही पदकाच्या आधी. आणि आपण? स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, मग एक कोटीची घोषणा.

म्हणून साखर कारखाने, बँका, दूध संघ, नेतेमंडळी, सगळ्यांना एकच सांगणं. फ्लेक्स आणि हारतुऱ्यांचे पैसे वाचवा. जिल्ह्यातल्या एका तरी टेनिस खेळणाऱ्या पोरीचा एका हंगामाचा प्रवासखर्च उचला. आणि पत्रकार मित्रांनो, वैष्णवीला वैष्णवीच राहू द्या. तिला सानियाचं नाव नको, पुढच्या स्पर्धेचं तिकीट पाहिजे.

पटलं तर शेअर करा. तुमच्या भागातल्या कारखान्याच्या संचालकाला टॅग करायला विसरू नका.