गार्सिया : आडनावातून रक्त शोधणाऱ्यांसाठी एक थ्रेड

१/
आज एका आडनावाचा इतिहास : गार्सिया. स्पेनमधील हे सर्वाधिक आढळणारे आडनाव. पहिले आडनाव म्हणून ते लावणारे तेथे १४ लाखांहून अधिक लोक आहेत. म्हणजे दर १०० माणसांत साधारण ३. मेक्सिकोपासून मनिलापर्यंत ते पसरले आहे. आणि जितका त्याचा प्रसार मोठा, तितकाच त्याच्याभोवती रचलेल्या खोट्या इतिहासाचा बाजारही मोठा.

२/
या बाजारात प्रामुख्याने तीन दावे विकले जातात. पहिला : गार्सिया हे राजकुळ आहे. दुसरा : गार्सिया म्हणजे छुपे ज्यू. तिसरा : जो गार्सिया, त्याच्या अंगात स्पॅनिश रक्त. तिन्ही दाव्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, की आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला. माझे म्हणणे असे, की आडनाव हा फार तर दप्तराचा दाखला आहे. पुरावे क्रमाने पाहू.

३/
प्रथम उगम. गार्सिया हे मुळात आडनाव नव्हतेच. ते पुरुषाचे पाळण्यातले नाव होते. त्याचे मूळ लॅटिनमध्ये सापडत नाही. बहुतेक अभ्यासक ते पिरेनीज पर्वतालगतच्या बास्क प्रदेशात शोधतात. कोणी त्याचा संबंध बास्क भाषेतील ‘हार्त्स’ (अस्वल) या शब्दाशी जोडतात, तर कोणी ‘गास्ते’ (तरुण) या शब्दाशी. हा वाद मिटलेला नाही. म्हणून ‘गार्सिया म्हणजे अमुकच’ असे ठासून सांगणाऱ्या पोस्टवर तिथेच शंका घ्यावी.

४/
आता राजकुळाचा दावा. पांप्लोनाच्या (पुढे नावारच्या) गादीवर गार्सिया नावाचे राजे झाले, हे खरेच आहे. पण त्यांची यादी नीट वाचा :
सांचो गार्सेस पहिला (९०५–९२५)
त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ पहिला (९२५–९७०)
त्याचा मुलगा सांचो गार्सेस दुसरा (९७०–९९४)
त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ दुसरा
त्याचा मुलगा सांचो गार्सेस तिसरा (१००४–१०३५)
त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ तिसरा (१०३५–१०५४)

५/
काही लक्षात आले? सांचेझ म्हणजे सांचोचा मुलगा. गार्सेस म्हणजे गार्सियाचा मुलगा. आपण मधले नाव म्हणून वडिलांचे नाव लावतो, तशीच ही रीत. फरक इतकाच, की त्यापुढे वंशाचे कायम आडनाव नसे. सहा पिढ्या एकाच रक्ताच्या, गादी तीच, आणि दर पिढीला ‘आडनाव’ बदललेले. ज्या राजांच्या नावावर हे ‘राजकुळ’ उभे केले जाते, त्यांनाच गार्सिया हे कुळाचे नाव म्हणून ठाऊक नव्हते.

६/
हीच रीत सर्वत्र होती. ‘एल सिद’ या नावाने प्रसिद्ध असलेला योद्धा रोद्रिगो दियास, म्हणजे दिएगोचा मुलगा. त्याचा प्रतिस्पर्धी सरदार गार्सिया ओर्दोन्येझ, म्हणजे ओर्दोन्योचा मुलगा. नावाच्या शेवटी ‘एझ’ दिसला की ज्यू, असे सांगणाऱ्या पोस्टही फिरत असतात. तो प्रत्यय फक्त बापाचे नाव सांगतो. धर्म सांगत नाही.

७/
राजाचे नाव लोकप्रिय होते आणि प्रजा ते आपल्या पोरांना ठेवते, हे आपल्याला नवे नाही. गार्सिया नावाचे शेतकरी होते, लोहार होते, पाद्री होते. त्यांच्या मुलांनी कधी ‘गार्सेस’ लावले, तर कधी नाव न बदलता नुसतेच ‘गार्सिया’. पुढे जेव्हा ही नावे गोठली, तेव्हा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य घरांवर एकच पाटी लागली. आज इतके गार्सिया दिसतात ते यामुळे. एकाच मूळ पुरुषाचा वंश वाढला म्हणून नव्हे.

८/
नावे गोठली कधी? एका दिवसात नाही. उत्तर मध्ययुगापासून हळूहळू, सरदार घराण्यांत आधी आणि सामान्यांत नंतर. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक चर्चमध्ये विवाहाची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. तरीही सख्ख्या भावंडांची आडनावे वेगळी असत. कोणी वडिलांचे, कोणी आईचे, कोणी मालमत्ता देणाऱ्या नातेवाइकाचे आडनाव घेई. वडिलांचे एक आणि आईचे एक, ही आजची दुहेरी पद्धत सर्वांसाठी पक्की झाली ती १८७० च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर.

९/
एक उदाहरण पुरेसे आहे. १५३९ मध्ये पेरूतील कुस्को येथे एका स्पॅनिश कप्तानाला इंका राजघराण्यातील स्त्रीपासून मुलगा झाला. त्याचे नाव गोमेझ सुआरेझ दे फिगेरोआ. पुढे स्पेनमध्ये गेल्यावर त्याने स्वतः वडिलांचे नाव घेतले आणि ‘इंका गार्सिलासो दे ला वेगा’ म्हणून तो इंकांचा इतिहासकार झाला. ‘गार्सिलासो’तले ‘गार्सि’ म्हणजे गार्सियाचेच संक्षिप्त रूप. नाव बदलले, रक्त तेच राहिले.

१०/
तरीही इंटरनेटवर ‘गार्सिया घराण्याची ढाल’ चौकटीत बसवून विकली जाते. कुलचिन्ह विशिष्ट व्यक्तीला वा विशिष्ट घराण्याला मिळत असे. त्या आडनावाच्या सरसकट सर्वांना नव्हे. १४ लाख लोकांची एक ढाल असू शकत नाही.

११/
दुसरा दावा : गार्सिया म्हणजे छुपे ज्यू. ३१ मार्च १४९२ रोजी इसाबेला आणि फर्डिनांड यांनी ज्यूंना धर्मांतर किंवा देशत्याग यांतून एक निवडायला लावले. धर्मांतरितांनी बाप्तिस्म्याच्या वेळी अनेकदा धर्मपित्याचे किंवा आसपास रूढ असलेले नाव घेतले. तेव्हा काही गार्सियांचे पूर्वज ज्यू होते, हे नि:संशय. परंतु लपायचे असेल तर माणूस सर्वांत सामान्य नावच घेणार. जे नाव गर्दीत मिसळण्यासाठी घेतले, त्याच नावाने माणूस गर्दीतून वेगळा काढता येईल, हा तर्कच उलटा आहे.

१२/
रक्ताचे वेड ज्यांना खरोखर लागले होते, त्यांनीही आडनावावर विश्वास ठेवला नाही. १४४९ मध्ये तोलेदो शहराने धर्मांतरितांच्या वंशजांना अधिकारपदांपासून दूर ठेवणारा नियम केला. अशा ‘रक्तशुद्धी’च्या नियमांनुसार पुढे उमेदवाराच्या गावी माणसे पाठवून साक्षी घेतल्या जात, आजी-आजोबांपर्यंत चौकशी होई. आडनावावरून वंश कळला असता, तर हा खटाटोप कशाला केला असता? ज्या खुणेवर त्या छळकर्त्यांचाही भरवसा नव्हता, तिच्यावर आपण २१ व्या शतकात भरवसा ठेवतो आहोत.

१३/
याचा एक धागा थेट गोव्यात येतो. गार्सिया दा ओर्ता : पोर्तुगीज वैद्य, १५३४ मध्ये भारतात आला, मुंबईचे बेटही त्याच्याकडे पट्ट्याने होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. येथे गार्सिया हे त्याचे पहिले नाव आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे १६ व्या शतकातही ते व्यक्तिनाम म्हणून जिवंत होते. त्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून पोर्तुगालमध्ये आलेले ज्यू होते.

१४/
त्याच्या हयातीत हे नाव त्याला लपवू शकले. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. त्याचे मूळ उघड झाले ते पकडलेल्या नातेवाइकांच्या कबुलीजबाबांतून. नावावरून नव्हे. पणजीतील त्याच्या नावाच्या उद्यानात जाल, तेव्हा हे आठवा. वंशावळ शोधणे हा सदैव निरुपद्रवी छंद नव्हता.

१५/
२०१५ मध्ये स्पेनने हद्दपार ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा केला. त्याआधीच ‘ज्यू आडनावां’ची एक लांबलचक यादी सरकारी म्हणून जगभर फिरली. अशी सरकारी यादी नव्हतीच. कायद्यात आडनावाविषयी तज्ज्ञ संस्थेचा अहवाल हा पुराव्याचा एक प्रकार होता. पण सर्व पुरावे एकत्र तोलले जाणार होते. मुदत संपेपर्यंत सुमारे १ लाख ३२ हजार अर्ज आले. नुसत्या यादीवर विसंबलेल्यांच्या पदरी निराशा येणे अटळ होते.

१६/
तिसरा दावा : गार्सिया म्हणजे स्पॅनिश रक्त. फिलिपिन्समध्ये गार्सिया अत्यंत सर्वसामान्य आहे. कार्लोस गार्सिया १९५७ ते १९६१ या काळात तेथील राष्ट्राध्यक्ष होते. पण २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने काढलेला हुकूम वाचा. करवसुलीच्या दप्तरात लोकांचा मेळ लागत नव्हता. एकाच कुटुंबात आडनावे वेगवेगळी, तर ‘दे ला क्रूझ’सारखी नावे असंख्यांची. म्हणून सुमारे ६१ हजार आडनावांची वर्णानुक्रमे सूची पाठवून प्रत्येक कुटुंबाला एक आडनाव घ्यायला लावले.

१७/
सूचीची पाने गावोगाव वाटली गेली. त्यामुळे काही गावांत बहुतेकांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. आल्बाय प्रांतातील ओआस गावात ‘आर’ने. जुने आडनाव चार पिढ्या चालत आल्याचे दाखवता आले, तर ते ठेवायची मुभा होती. रक्ताचा प्रश्न येथे आला कोठे? कारकुनाने कोणते पान कोणत्या गावी धाडले, एवढाच प्रश्न होता.

१८/
स्पॅनिश अमेरिकेत बाप्तिस्म्याच्या वेळी मूलनिवासींना धर्मपित्याचे, आणि गुलामांना पुष्कळदा मालकाचे आडनाव मिळाले. गोव्यात पोर्तुगीजांनी तेच केले. फर्नांडिस म्हणजे ‘फर्नांदोचा मुलगा’. पण आजच्या गोवेकर फर्नांडिसचा पूर्वज कोणी फर्नांदो असण्याची गरज नाही. त्याला ‘पोर्तुगीजांची औलाद’ म्हणून हिणवणारा माणूस दुष्ट तर असतोच. शिवाय तो इतिहासही चुकीचा सांगत असतो.

१९/
अमेरिकेच्या जनगणनेत गार्सियाचा क्रमांक १९९० मध्ये १८ वा, २००० मध्ये ८ वा आणि २०१० मध्ये ६ वा होता. २०१० मध्ये असे ११ लाख ६६ हजार लोक होते. यातील बरीच वाढ स्थलांतराची आहे, हे मान्य. पण १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा भूभाग अमेरिकेला गेला, तेव्हा तेथील स्पॅनिश आडनावांची कुटुंबे जागची हललीही नव्हती. सीमाच त्यांच्यावरून सरकली. आडनाव वाचून ‘परत जा’ म्हणणाऱ्याने आधी तारीख वाचावी.

२०/
आणि जगातील सर्वांत प्रसिद्ध गार्सिया? आपण त्याला ‘मार्केझ’ म्हणतो; ते त्याच्या आईचे आडनाव. गाब्रिएल गार्सिया मार्केझ याचे वडिलांकडचे आडनाव गार्सिया. पण त्याच्या वडिलांचा जन्म विवाहबाह्य संबंधातून झालेला, त्यामुळे त्यांनी आपल्या आईचे आडनाव लावले. जन्मदात्या आजोबांचे आडनाव मार्तिनेझ होते. म्हणजे ज्याला पितृवंशाचे आडनाव समजावे, ते एकाच पिढीमागे एका स्त्रीचे निघते.

२१/
कोणी म्हणेल, मग आडनावांचा अभ्यास निरर्थक का? मुळीच नाही. स्पेनमध्ये वाय गुणसूत्रावर झालेल्या अभ्यासांतून दिसते, की दुर्मिळ आडनावाच्या पुरुषांत समान पूर्वज सापडण्याची शक्यता बरीच असते. अतिसामान्य आडनावांत मात्र ती जवळजवळ उरत नाही. आडनाव हे साधन आहेच. ते चर्चविषयी, करवसुलीविषयी, गुलामीविषयी, स्थलांतराविषयी बोलते. त्याला रक्ताविषयी बोलायला लावणे, हा साधनावर अन्याय आहे.

२२/
हे सर्व मराठीत लिहिण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे आडनाव ऐकताच समोरच्याची जात ठरवली जाते, आणि आता त्यावर ‘मूळ वंशा’च्या चित्रफितीही निघतात. पाटील हे आडनाव मराठा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन अशा अनेक समाजांत आहे, कारण ते एका पदाचे नाव आहे. तरीही घर भाड्याने देताना ते तपासले जाते, लग्न जुळवताना तपासले जाते, आणि इतिहासाच्या नावाने त्या तपासणीला मान्यता दिली जाते.

२३/
म्हणून यापुढे आडनावाच्या ‘गौरवशाली इतिहासा’ची पोस्ट समोर आली, की तीन प्रश्न विचारा. हे आडनाव प्रथम कोणत्या कागदावर, कोणत्या वर्षी दिसते? ते कोणी लिहिले? कशासाठी लिहिले : करासाठी, बाप्तिस्म्यासाठी, की शिक्षेसाठी? उत्तर मिळाले, तर तो इतिहास आहे. न मिळाल्यास ती पोस्ट पुढे पाठवू नका.